मदत हवी आहे: जॉबशीटवर ‘लिक्विड डॅमेज’ लिहिलंय, सही केल्याशिवाय लॅपटॉप परत देत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी धायरीत राहते आणि घरूनच अक्षरजुळणीचं काम करते. पुस्तकं, स्मरणिका, या दिवसांत दिवाळी अंक. गेल्या दसऱ्याला लक्ष्मी रोडवरच्या दुकानातून ७२,५०० रुपयांचा लॅपटॉप घेतला. कंपनी मोठी आहे, नाव लिहीत नाही. वर्षाची वॉरंटी संपायला २६ दिवस उरलेत आणि लॅपटॉप चौथ्यांदा सर्व्हिस सेंटरमध्ये पडून आहे.

जानेवारीत स्क्रीन लुकलुकायला लागली, केबल बदलली. मे महिन्यात काम करता करता मशीन बंद पडायला लागलं, मदरबोर्ड बदलला. इथवर माझी फारशी तक्रार नव्हती. यंत्र आहे, बिघडतं.

जुलैत मात्र घाबरले. टचपॅडचं डावं बटण दाबलं तरी दबेना. टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगायचा. एका कोपऱ्याखालून पोस्टकार्ड सरकवून पाहिलं तर ते सहज आत गेलं. मधोमध पोट सुटल्यासारखा फुगवटा आला होता. बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीत आतल्या आत वायू तयार झाला की ती अशी फुगते, आणि मग तिला टोचणं, दाबणं, चार्जिंगला लावणं धोक्याचं असतं, पेट घेऊ शकते. हे मला भाच्याने सांगितलं, कंपनीने नाही. कंपनीच्या चॅटवर फोटो टाकले तर उत्तर आलं, ‘लॅपटॉप पूर्ण चार्ज करून पुन्हा सुरू करा.’ तेच उत्तर तीनदा. घरात म्हातारी आई आहे. ती रात्र मी लॅपटॉप गॅलरीत उघड्या फरशीवर ठेवून काढली, दर तासाला उठून बघत.

बॅटरी यायला १९ दिवस लागले. मध्येच एकदा फोन आला, “मॅडम, डिलिव्हरीचा ओटीपी आलाय तो सांगा.” मी सांगितला. दोन मिनिटांत एसएमएस, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’ बॅटरी तेव्हा पुण्यात पोचलीही नव्हती! मग नवी तक्रार, नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी. वस्तू हातात पडल्याशिवाय ओटीपी कुणाला देऊ नका, एवढं तरी माझ्यावरून लक्षात ठेवा.

आता मूळ प्रश्न. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. बसने घेऊन गेले. त्या दिवशी पाऊस होता हे खरं आहे, पण लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये होता, आणि बंद तो घरीच पडला होता. काउंटरवरच्या मुलाने तो सगळीकडून बघून जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘लिक्विड डॅमेज: नाही’ (पाणी गेलेलं नाही) अशी खूण केली. चार दिवसांनी फोन, की आतला पांढरा स्टिकर गुलाबी झालाय, म्हणजे पाणी गेलंय, वॉरंटी रद्द, मदरबोर्डचे ३१,८०० रुपये होतील. पुरावा मागितला तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंधूक फोटो आला. गुलाबी ठिपका दिसतो, पण बोर्ड कुणाचा ते कळत नाही, सिरियल नंबर कुठेच नाही. माझ्या लॅपटॉपचे स्क्रू आजवर फक्त त्यांच्याच माणसांनी उघडलेत, तेही तीनदा.

पैसे भरणार नाही, मशीन परत द्या म्हटलं. तर म्हणे ‘लिक्विड डॅमेज’ लिहिलेल्या नव्या शीटवर सही करा. खाली छापील ओळ आहे, ‘वरील निदान ग्राहकास मान्य आहे.’ सही नाही तर मशीन नाही. काउंटरवरचा मुलगा हळूच म्हणाला, “ताई, माझ्या हातात काही नाही. रिमार्क वरून येतो.” त्याच्यावर माझा राग नाही.

खरं सांगते, पैशांपेक्षा ती ओळ मला जास्त लागली आहे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी तपासते. एखादा अनुस्वार चुकीचा गेला असं आठवलं तर रात्री उठून दुरुस्त करते. जे घडलंच नाही त्याच्याखाली माझी सही कशी करू? पण माझ्या काही फाइल त्यात आहेत, आणि १७६ पानांचा अंक भाच्याच्या जुन्या मशीनवर रखडत चाललाय. संपादक सर समजूतदार आहेत, तरी छापखाना थांबणार नाही.

सही केली तर पुढे सगळे दरवाजे बंद होतात का? बाहेरच्या एखाद्या इंजिनिअरकडून लेखी अहवाल घेतला तर तो कुणी ग्राह्य धरतं का? आणि पुण्यात ग्राहक आयोगाकडे वकिलाशिवाय कुणी गेलंय का? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद:
तापकीर गल्लीत बोर्ड रिपेअर करणारे बरेच आहेत. उघडून अर्ध्या तासात सांगतील पाणी गेलंय की नाही. आधी तिकडे न्या.

प्रतिसाद:
ताई, वरच्या सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे, पण तसं करू नका. वॉरंटीतलं मशीन बाहेर उघडलं की कंपनीला ‘छेडछाड केली’ म्हणायला आयतं कारण मिळतं. पाणी गेलं की नाही हे तपासून घ्यायची सोय कायद्यातच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तोवर स्क्रूला हात लावू देऊ नका.

सहीबद्दल. नुसती सही अजिबात नको. छापील ओळ काटा आणि शेजारी स्वतःच्या अक्षरात लिहा, ‘हे निदान मला मान्य नाही. फक्त मशीन परत मिळाल्याची सही.’ तारीख, वेळ घाला, तिथेच फोटो काढा. तेवढंही करू देत नसतील तर ‘सहीशिवाय मशीन देत नाहीत’ असा ईमेल काउंटरवर उभ्या उभ्या पाठवा. तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे ‘नाही’ अशी खूण असलेली ती पहिली शीट. ती जिवापाड जपा.

मी इन्व्हर्टरसाठी जिल्हा आयोगाकडे गेलो होतो, वकिलाशिवाय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, आपण राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला पुणं चालतं. तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. निकालाला कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. मला अकरा लागले, पण पैसे मिळाले. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी तिथेच मिटतं. कंपनीला नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवस द्या, आणि मग ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही लॅपटॉप कामासाठी वापरता म्हटल्यावर ते म्हणतील, ‘व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही.’ घाबरू नका. स्वतः राबून, केवळ पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू व्यावसायिक वापरात मोडत नाही, असं कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे. तक्रारीत हे पहिल्याच पानावर लिहा.

धागालेखिका:
काका, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद प्रिंट करून घेऊन गेले. ओळ काटून शेजारी लिहायला लागले तर मॅनेजर बाहेर आले, “असं चालत नाही” म्हणाले. मी म्हटलं, मग चालत नाही असं लिहून द्या. ते आत गेले. वीस मिनिटांनी मशीन दिलं, शीटवर शिक्काही मारला. माझं अक्षर आणि त्यांचा शिक्का एकाच कागदावर आहे.

१९१५ वर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. नोटीस काल रात्री जुळवली आणि आज सिटी पोस्टातून पाठवली. बिल माझ्या वैयक्तिक नावावर आहे, तेही तपासलं. एकच शंका राहिली आहे. दुकानदारालाही प्रतिवादी करायचं का? तो बिचारा दर वेळी माझ्यासाठी फोन करत होता.