रिटायरमेंटचे २७ लाख आणि घरात पाच जणांची पाच मतं

वाहक_चोपडा विचारतात:

राम राम मंडळी. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. गेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला बॅग, मशीन आणि बिल्ला डेपोत जमा करून घरी आलो. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे मिळून साधारण २७ लाख होतात. पैकी पीएफ खात्यावर आलाय, बाकीचे येत्या दोनेक आठवड्यांत येतील. पेन्शन ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, महिन्याला ३,२०० रुपये. हसू नका, आमच्यात ही बरी समजतात.

वय ५८, मंडळींचं ५४. घर स्वतःचं, कर्ज नाही. मुलीचं लग्न झालंय, मुलगा पुण्याला कंत्राटावर आहे. दोन एकर कोरडवाहू बटाईनं दिलीय, पाऊस झाला तर तिचे काहीतरी येतात. महिन्याचा खर्च १८ हजार, औषधांसकट.

आता घरातली मतं ऐका. मंडळी म्हणतात, जळगावला जाऊन सोनं घ्या, निदान डोळ्यांना दिसतं. मुलगा मोबाईलवर म्युच्युअल फंडाचा आलेख दाखवतो, वर जाणारी रेघ. साडू हायवेलगतचा प्लॉट सुचवतात. बँकेतला एक पोरगा दोनदा घरी येऊन गेला. ‘काका, पाचच वर्षं भरायचे’ म्हणतो. कागद नीट वाचला तर ती एफडी नव्हे, विम्याची पॉलिसी निघाली. आणि भाचा म्हणतो, मामा, पाच लाख माझ्याकडे द्या, शेअर बाजारातून महिन्याला तीन टक्के काढून देतो.

मला भीती का वाटते तेही सांगतो. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नासाठी म्हणून तालुक्यातल्या एका पतपेढीत १ लाख ८० हजार ठेवले होते. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त व्याज, संचालक ओळखीचे, नवरात्रात आरतीला शेजारी उभे राहणारे. एका सोमवारी ड्युटीवरून येताना बघितलं तर शटर अर्धं खाली आणि बाहेर बायका पासबुकं घेऊन बसलेल्या. त्यानंतर चार वर्षं खेटे घातले. निम्म्या भावात पावत्या विकत घेणारे दलालही घरी येऊन गेले. शेवटी हाती आले ७० हजार. लग्न भावाकडून उसने घेऊन केलं.

तेव्हा पैसा बुडू नये, एवढंच मागणं आहे. पण नुसता ठेवला तर पंधरा वर्षांनी त्याचं काय येईल, हेही कळतं. मी नोकरीला लागलो तेव्हा जिथं दहा-पंधरा रुपयांत माणूस जळगावला पोचायचा, तिथं आज शंभराची नोट मोडावी लागते. ती नोट मीच मोडून देत होतो! अनुभवी लोकांनी सांगावं, कुठं किती ठेवू?

---

धुळे_नाना:

प्लॉट घ्या जिभाऊ. जमीन कुठं पळत नाही.

वाहक_चोपडा:

नाना, जमीन पळत नाही, पण गिऱ्हाईक पळतं. साडूचा आधीचाच प्लॉट तीन वर्षं विकायला काढलेला आहे. मंडळींना दवाखान्यात ॲडमिट करायची वेळ आली तर प्लॉटचा एक कोपरा तोडून विकता येत नाही.

---

पोस्टातली_ताई:

भाऊ, मी पोस्टाच्या काउंटरवर २८ वर्षं काढलीत, आता मीही निवृत्त आहे. आधी तारीख सांभाळा, बाकी सगळं नंतर.

तुम्हाला सोसावी अशी जागा म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठ पूर्ण नसले तरी पंचावन्नच्या पुढचा निवृत्त माणूस ती घेऊ शकतो. अट अशी, की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त भरायचं नाही. (पूर्वी एकच महिना मिळायचा. २०२३ च्या नोव्हेंबरात तीन केले.) माझ्या काउंटरवर किती जण चौथ्या महिन्यात आले! तोवर पैसा भाच्या-पुतण्यांत वाटून झालेला असे. डेपोतून निवृत्तीचा आणि रकमांचा दाखला आजच मागून ठेवा.

व्याज सध्या ८.२ टक्के. दर तिमाहीला सरकार दर ठरवतं, पण तुम्ही ज्या दरानं भराल तो तुमच्या पाच वर्षांसाठी पक्का. १५ लाख ठेवलेत तर दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये, म्हणजे महिन्याला १०,२५० पडले. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, पहिल्या तारखेला. कमाल मर्यादा ३० लाख आहे, पण सगळे २७ लाख यात घालू नका. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याजही कापून घेतात, दोन वर्षांच्या आत मुद्दलाचा दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का. म्हणून अडीनडीचा पैसा वेगळा पाहिजे.

मंडळींना त्याच खात्यात जॉइंट घ्या. जोडीदाराला वयाची अट नाही. नॉमिनीचं नाव लिहिलंय का, ते पासबुकावर स्वतः वाचा. काउंटरवरच्या माणसाच्या हो-ला-हो वर जाऊ नका. मी त्या बाजूला बसलेली होते म्हणून सांगते.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजनाही आहे, ७.४ टक्के, एकट्याला ९ लाख, दोघांना मिळून १५ लाखांपर्यंत. ५ लाखांचे महिन्याला ३,०८३ येतात.

पतपेढीबद्दल वाचून वाईट वाटलं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून माणशी, बँकेमागे ५ लाख. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच झाले, त्याआधी कितीतरी वर्षं एकच लाख होता. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी ते एकत्रच मोजतात. पतसंस्थेला हा विमा नसतो. बोर्डावर ‘मल्टिस्टेट’ लिहिलेलं असो नाहीतर संगमरवरी ऑफिस असो. सगळ्या पतपेढ्या वाईट असं मी म्हणत नाही, माझ्या दिराचं दुकान पतपेढीच्याच कर्जावर उभं राहिलंय. पण कर्ज घेणं वेगळं आणि आयुष्याची पुंजी ठेवणं वेगळं.

---

केळीवाला_रावेर:

ताईंनी पाया घालून दिलाय. मी पंधरा वर्षांनंतरच्या भागाबद्दल बोलतो, कारण तिथं मी स्वतः तोंड पोळून घेतलंय.

२००८ च्या जानेवारीत केळीला भाव बरा मिळाला होता. गावात सगळे एका वीज कंपनीच्या आयपीओचे, म्हणजे पहिल्या शेअरविक्रीचे, फॉर्म भरत होते, मीही भरला, वर बाजारातून आणखी शेअर घेतले. तेव्हा सेन्सेक्स २१ हजारांना शिवून आला होता. ऑक्टोबरात आठ हजारांच्या खाली उतरलेला बघितला. सेन्सेक्स पुढं दोन-तीन वर्षांत वर आला. माझी कंपनी आजतागायत नाही आली. हा फरक समजायला मला फार वेळ लागला.

समजला तो केळीच्या बागेत. आमच्याकडे केळीची मृगबाग जून-जुलैला लावतात आणि कांदेबाग (तीही केळीचीच) सप्टेंबर-ऑक्टोबरला. माझे वडील कधीही सगळं रान एकाच हंगामात लावत नसत. मला ते कटकटीचं वाटायचं. दोनदा खड्डे, दोनदा मजूर, दोन वेगळ्या खतांचे हिशेब. मग एका वर्षी जूनच्या सुरुवातीला संध्याकाळी वादळ आलं. पाऊण तास. मृगबाग निसवून घड भरलेले होते, कापणीला पंधरा-वीस दिवस राहिलेले. साडेतीन हजार खोडं कंबरेतून मोडून एकावर एक पडली. रात्री बॅटरी घेऊन बांधावर गेलो तर चिकाचा वास आणि अजून कुठंतरी खोड पडल्याचा आवाज. पलीकडच्या तुकड्यात कांदेबाग होती. घड नव्हता म्हणून डोकं जड नव्हतं. पानं फाटून झिरमिळ्या झाल्या, पण झाडं उभी. वारा तोच, बांधही तोच. त्या वर्षी घर चाललं ते कांदेबागेवर.

म्हणून आता शेअरमध्ये जे घालतो ते निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे, आणि तेही एकदम नाही. दर महिन्याला ठरलेली रक्कम. २०२० च्या मार्चमध्ये सेन्सेक्स जानेवारीच्या ४२ हजारांवरून २६ हजारांच्या खाली गेला तेव्हा हप्ता चालू ठेवला. धीर होता म्हणून नव्हे, लॉकडाऊनमध्ये बंद करायला कुठं जायचं ते सुचलं नाही! नोव्हेंबरपर्यंत सगळं परत वर.

तुमच्यासाठी सांगायचं तर तीन लाखांपलीकडं यात जाऊ नका. महिन्याला १२,५०० प्रमाणे दोन वर्षांत घाला आणि सात-आठ वर्षं त्या पैशाकडे बघूच नका. निम्मा झालेला दिसला तरी जेवण गोड लागेल, इतकीच रक्कम ठेवा. मुलाला म्हणावं, आलेख २००८ पासून दाखव.

---

चोपड्याचा_पुण्यात:

भाच्याबद्दल दोन ओळी. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६. तो बहुतेक ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांत, खेळत असणार. सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२४ मध्ये आकडे काढले होते: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. त्याला नाही म्हणा, मामीच्या हातचं जेवायला घाला आणि विषय बदला.

---

अमळनेरची_नात:

काका, तुम्हाला कोणीतरी विप्रोची गोष्ट सांगेलच, म्हणून मीच आधी सांगून टाकते. १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपाची ही कंपनी सुरू झाली. गावातल्या कितीतरी घरांनी शेअर घेतले. ज्यांनी जपले ते बोनस शेअर आणि शेअरच्या विभाजनातून कोट्यधीश झाले, हे खरंच आहे, मी त्यांची घरं पाहिलीत.

आमच्या आजोबांकडेही होते. थोडे. आत्याच्या लग्नात विकले, उरलेल्यांच्या दोन म्हशी घेतल्या. आजी शेवटपर्यंत म्हशींची नावं घेऊन सांगायची. लोक हसतात, पण तेव्हा आजोबांना काय माहीत की तुपाची कंपनी पुढं कॉम्प्युटरची होणार? ते गावातल्या कापडगिरणीत कामाला होते आणि त्यांची खरी श्रद्धा गिरणीवर होती. गिरणीच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं. ती बंद पडली तेव्हा त्यांची थकलेली देणीही बरीच वर्षं अडकली. एकाच गावात, एकाच काळात दोन कारखाने, आणि शहाणीसुरती माणसं चुकीच्या कारखान्यावर विश्वास ठेवून बसली होती. गिरणीत घालवलेल्यांना मात्र कोणी पाहुण्यांपुढं उभं करत नाही.

सोन्याबद्दल काकूंना इतकंच म्हणेन, थोडं असावं. पण दागिना म्हणजे ३ टक्के जीएसटी आणि वर मजुरी, विकताना मजुरी परत मिळत नाही. आणि भाव नेहमी चढताच असतो असं नाही. २०१२ ते २०१८ तोळा तीस हजारांच्या आगेमागेच घुटमळत होता, आमच्या आईनं ती सहा वर्षं रोज पेपरात भाव बघून काढली. घ्यायचंच तर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) असलेलं वळं घ्या, नाहीतर हॉलमार्कचं नाणं.

---

वाहक_चोपडा (सव्वादोन महिन्यांनी):

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहितो, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

केळीवाल्या भाऊंचं वाचून मला माझी बॅगच आठवली. गर्दीच्या गाडीत दहा-वीसच्या नोटा लांब घडी करून बोटांत, सुटे पुढच्या कप्प्यात, शंभराच्या आतल्या कप्प्यात. पाचशेच्या मात्र बॅगेत कधीच नाहीत, त्या शर्टाच्या आतल्या खिशात. चोपडा-शिरपूर रूटवर एकदा कोणीतरी ब्लेडनं बॅगेचा पुढचा कप्पा कापला, तर गेले २३० रुपये. वेबिलाचा हिशेब त्या रात्री पदरचे घालून पूर्ण केला, पण दोन हजार वाचले. ३१ वर्षं हेच केलं आणि स्वतःच्या पैशाची वेळ आली तेव्हा सगळे एका पतपेढीत.

तर: १५ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत, मंडळींबरोबर जॉइंट. ५ लाख मासिक प्राप्तीत. ३ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, पण लाख-लाखाच्या तीन पावत्या, म्हणजे दवाखान्याला एक मोडली तर दोन शाबूत. ३ लाखांचे हप्ते पुढच्या महिन्यापासून इंडेक्स फंडात, ते मुलगा बघतो, पासवर्ड माझ्याकडे आहे. पेन्शन धरून महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर येतात, वरचे दीड हजार बटाईतून भागतील असं धरलंय. नाही भागले तर चहा कमी करू.

ताई, तुमचं ऐकून पासबुक काउंटरवरच उघडून वाचलं. मंडळींच्या नावात एक काना कमी होता. दुरुस्त करून घेतला. मागं रांगेतले लोक चिडले, पण रांगेचं चिडणं मला नवीन नाही.

भाचा पंधरा दिवस बोलला नाही. परवा येऊन जेवून गेला, विषय त्यानंच काढला नाही. म्हणजे काय झालं असेल ते मी विचारलं नाही.

राहता राहिला एक लाख. मी म्हणतो स्वयंपाकघरावरचे पत्रे बदलू, मंडळी म्हणतात नाणं घेऊ. सध्या तो बचत खात्यातच आहे. पावसाळ्याला अडीच महिने आहेत, पहिला जोराचा पाऊस स्वयंपाकघरातच पडतो आणि तिथं मी नसतो.