मदत हवी आहे: लोकर धुतली आणि चटई झाली

फोंड्याचो_बाबू: मेंढीची लोकर धुतली ती पार चटईसारखी झालीय, चरख्यावर धागाच निघत नाही. शनिवारी प्रदर्शनात कातून दाखवायचंय. लवकर सांगा.

सातेरी७२: कसली लोकर, कशाने धुतली?

फोंड्याचो_बाबू: लोकर म्हणजे लोकर हो. बेळगावकडच्या धनगराकडून पाच किलो आणली, तीन धुतली. नेहमीसारखी.

मांडवीकाठ: नेहमीसारखी म्हणजे कशी रे बाबा, नदीवर की बादलीत?

फोंड्याचो_बाबू: मशीनमध्ये. साठ डिग्री, पावडर. वास जाईना म्हणून दोनदा.

सातेरी७२: झालं कल्याण. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात ते परत सुटतच नाहीत. काश्मीरात मुद्दाम असं करून नमदा म्हणजे लोकरीचा जाड गालिचा बनवतात, तुझा आपोआप झाला. त्यावर बस आता.

सोलकढी_काका: गरम पाण्याला उगाच दोष. रेशमाचे कोष तर उकळतात, त्यांना कुठे काय होतं?

सातेरी७२: काका, रेशमाला खवले नसतात. कोषावर सेरिसिन म्हणून डिंक असतो, रेशमाच्या वजनाच्या २० ते ३० टक्के, तो गरम पाण्यात मऊ पडला की मगच टोक सापडतं आणि एका कोषातून ३०० ते ९०० मीटर अखंड धागा निघतो. असे पाच-सात कोषांचे धागे एकत्र ओढायचे, नंतर साबणाच्या पाण्यात उकळून उरलेला डिंक काढायचा. मेंढीचे केस आखूड, म्हणून ते पिंजून कातावे लागतात.

सोलकढी_काका: आमची आजी घोंगडी कधी धुतच नसे, नुसती उन्हात टाकायची. रिठा वापरा, रिठ्याने सगळं होतं.

फुलवात: रिठ्यावरून आठवलं, माझ्या पैठणीला पावसात बुरशी आलीय, ब्लीच चालेल का?

सातेरी७२: अजिबात नको ताई! रेशीम काय, लोकर काय, दोन्ही प्रथिनं, ब्लीचने विरघळतात. त्यासाठी चर्चेचा वेगळा धागा काढा.

बाबू, उरलेली दोन किलो हाताने मोकळी करून काटे-काड्या काढ. बादलीत कोमट पाणी, त्यात रिठा (घ्या काका), अर्धा तास नुसती बुडवून ठेव, चोळू नको, पिळू नको. खळबळायचं पाणीपण तेवढंच कोमट. मग पंख्याखाली पसर, या हवेत दोन दिवस तरी जातील म्हणजे आजच बस. पिंजायला कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश चालतात.

मांडवीकाठ: आणि घोंगडीला ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, चिंचोक्याची खळ लावतात, ती विसरू नका.

सातेरी७२: त्याला विणायचं नाहीये, कातायचंय!

फोंड्याचो_बाबू: गोणी उघडली तर आत मांजर व्यालीय. तीन पिल्लं. आता?

फुलवात: काळं असेल तर एक मला.