विषय: रविवारचे मोफत दंत-तपासणी शिबिर: हॉल द्यावा का?

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारच्या मोफत दंत-तपासणी शिबिरासाठी इंदूरच्या आपल्या मंडळाचा हॉल द्यायचा की नाही, हे मला गुरुवारी दुपारपर्यंत संबंधित दवाखान्याला कळवायचे आहे. कार्यकारिणीत मते समसमान पडली असून अध्यक्ष सध्या पुण्याला आहेत. गेल्या वर्षी गणेशोत्सवानंतरच्या अशाच शिबिरात काय झाले ते सर्वांना ठाऊक असल्याने ते पुन्हा उगाळू नये, ही विनंती. हॉल द्यावा का आणि द्यायचा झाल्यास कोणत्या अटींवर, एवढेच कळवावे. खुर्च्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहू.

प्रेषक: माई, राजेंद्रनगर

कार्यवाहांस नमस्कार.

उगाळू नये असे आपण म्हणता, पण ज्यांच्या हातात ते कागद पडले त्यांनी गप्प का बसावे? माझ्या जाऊबाईंना त्या शिबिरात खुर्चीवर बसवून एका तरुण डॉक्टरांनी टॉर्च मारून तोंडात पाहिले आणि बत्तीस दातांचे चित्र छापलेल्या कागदावर लाल पेनाने आठ दातांना वर्तुळे करून दिली. तीन रूट कॅनाल, त्यांवर तीन कॅप, चारही अक्कलदाढा काढणे आणि जुनी चांदी भरलेली दाढ उकरून पुन्हा भरणे, असा तो बेत होता. त्याच कागदाला पन्नास टक्के सवलतीचे कुपन टाचलेले होते आणि त्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. बाईंना एकाही दाताची तक्रार नव्हती.

पुढे त्या एम. वाय. रुग्णालयाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेल्या. तेथे रांगेत सकाळ गेली, हे खरे, पण एक्स-रे निघाला आणि दोन दाढांच्या फटीत एकच कीड सापडली, जिच्यावर शिबिरातल्या कागदावर वर्तुळच नव्हते. बाकीच्या काळ्या रेघा चहाचे जुने डाग निघाले. माझा आक्षेप दवाखान्यापेक्षा आपल्या फलकावर आहे. त्या खुर्चीमागे मंडळाचा फलक होता म्हणून त्या बसल्या.

प्रेषक: कोषाध्यक्ष

माईंस सादर नमस्कार.

जाऊबाईंना झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, परंतु एका उदाहरणावरून सर्व दंतवैद्यांना एकाच माळेत ओवणे मला पटत नाही. स्मरणिकेचे मागील पान जाहिरातीसाठी कोण घेते आणि ते पान रिकामे राहिले तर छपाईचा खर्च कोठून भागतो, हेही पत्र लिहिणाऱ्यांनी विचारात घ्यावे. शिवाय हॉलचा निर्णय वास्तू समितीचा आहे. तो अशा पत्रव्यवहारातून होऊ लागला तर समितीची आवश्यकताच उरणार नाही.

माझा मुद्दा निराळा आहे. पहिल्या डॉक्टरांनी आठ दात सांगितले, दुसऱ्यांनी एक सांगितला. दुसरे बरोबर आणि पहिले लबाड, हे आपण कशावरून ठरवले? कमी सांगणारा नेहमीच खरा असतो काय?

प्रेषक: दादा (निवृत्त दंतवैद्य), तिलकनगर

सर्वांस नमस्कार.

कोषाध्यक्षांचा प्रश्न रास्त आहे. दोन प्रामाणिक दंतवैद्यांची मतेही वेगळी पडतात, विशेषतः कीड नुकतीच सुरू झालेली असताना. ती इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातच असेल आणि पृष्ठभागावर खड्डा पडलेला नसेल, तर फ्लोराइड, नीट घासणे आणि दिवसभर येताजाता गोड न खाणे यांनी ती थांबू शकते. आतल्या डेंटिनमध्ये शिरून खड्डा पडला की बहुधा भरावेच लागते. मधल्या अवस्थेत एक जण "भरून टाकू" म्हणेल, दुसरा "सहा महिन्यांनी पाहू" म्हणेल, आणि त्यात लबाडी असेलच असे नाही. म्हणून मी रुग्णाला सांगत असे की मत किती दातांचे आहे ते मोजू नका. कोणत्या दाताची कोणती बाजू, ती एक्स-रेत कोठे दिसते आणि आज काहीच केले नाही तर काय होईल, हे विचारा. ज्याच्याजवळ उत्तर असते तो दोन मिनिटे थांबून दाखवतो.

टॉर्चच्या उजेडात दोन दाढांच्या फटीतली कीड बहुधा दिसत नाही. त्यासाठी बाइटविंग, म्हणजे पट्टी दातांत चावून धरून काढलेला एक्स-रे लागतो. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) अक्कलदाढा आणि हाड पाहण्यासाठी उपयोगी असला तरी फटीतल्या बारीक किडीसाठी अपुरा पडतो. जाऊबाईंची खरी कीड शिबिरात सुटली आणि डाग मात्र पकडले गेले, याचे मला नवल वाटत नाही. तोंडात घालायच्या कॅमेऱ्याचेही तसेच आहे. पडद्यावर दात एवढा मोठा होतो की साधी तपकिरी घळही विहिरीसारखी भासते.

रूट कॅनालबाबत थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्वाधिक भीती आणि सर्वाधिक पैसा तेथेच असतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत कुल्फी खाताना कळ आली आणि घास गिळताच गेली, तर नस बहुधा शाबूत असते. तीच कळ नंतरही रेंगाळत असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, चावताना ती दाढ इतरांपेक्षा उंच लागत असेल किंवा हिरडीवर पुळी येऊन पू जात असेल, तर संशय घ्यावा. मात्र दुखत नाही म्हणजे रूट कॅनाल नकोच, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. नस मेलेला दात वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते. म्हणून थंड लावून शेजारच्या दाताशी तुलना केली का, ठोकून पाहिले का आणि मुळाच्या टोकापर्यंतचा एक्स-रे काढला का, हे विचारावे. यांतले काहीच न करता एकदम तीन रूट कॅनाल सुचवले गेले असतील, तर तो कागद घडी घालून ठेवावा आणि दुसरीकडे दाखवावे.

रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, असे ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००० सालीच सांगितले आहे. चांगल्या स्थितीतले चांदीचे भरण वैद्यकीय कारणाशिवाय काढू नये, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला. त्या भरणात पाराही असतो, त्यामुळे ते उकरताना उलट पाऱ्याची वाफ अधिक निघते आणि चांगला दातही थोडा खर्ची पडतो. हिरड्यांची खोल सफाई सुचवली तर दात आणि हिरडी यांमधल्या फटीच्या खोलीचे, खुणा असलेल्या सळईने मोजलेले आकडे मागावेत: साधारण १ ते ३ मिलिमीटर निरोगी, ४ आणि त्यापुढे लक्ष देण्याजोगे.

प्रेषक: माजी सांस्कृतिक सचिव (सध्या झुरिक)

दादांना नमस्कार.

मी दूर आहे, पण विषय माझ्या गल्लीतला निघाला म्हणून लिहितो. संशोधकांनी येथे एकाच रुग्णाला १८० दंतवैद्यांकडे पाठवले होते. त्याची कीड उथळ होती आणि भरण्याची गरज नव्हती. तरीही सुमारे २८ टक्के भेटींत अनावश्यक उपचार सुचवला गेला, आणि ज्यांच्याकडे लवकर वेळ मिळत होती त्यांच्याकडे हे प्रमाण अधिक होते. खुर्ची रिकामी असली की सल्ला बदलतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिबिर कशासाठी भरवतात, हे कोषाध्यक्षांनी यावरून ताडावे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

स्वित्झर्लंडचे आकडे इंदूरला लावू नयेत. आपल्याकडे लोक दाढ हलू लागल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांच्यावर अधिक उपचार होण्यापेक्षा उपचारच न होण्याची भीती मोठी आहे.

प्रेषक: दादा, तिलकनगर

कोषाध्यक्षांशी येथे मी सहमत आहे आणि म्हणूनच शिबिर सरसकट रद्द करावे असे म्हणत नाही. आपल्या भागात गुटखा आणि तंबाखू यांचे प्रमाण पाहता, दातांपेक्षा गालाची आतली बाजू, जीभ आणि जिभेखालची जागा तपासणे अधिक मोलाचे आहे. दोन आठवड्यांत न भरलेले छाले, पांढरा किंवा लाल चट्टा आणि स्वतःची तीन बोटे उभी मावत नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही दिसल्यास त्या माणसाला लगेच पुढे पाठवायला हवे. गेल्या वर्षीच्या छापील कागदावर यासाठी एक ओळही नव्हती. ती घालायला सांगा; त्यांची तयारी कितपत आहे ते त्यावरूनच कळेल.

प्रेषक: वकीलवहिनी, सुदामानगर

सर्वांस नमस्कार.

कायद्याचे दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि सध्या २०१९ चा कायदा लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्कही लागत नाही. परंतु सर्वांना पूर्णतः मोफत दिलेली सेवा त्यात बसत नाही. म्हणजे शिबिरात टॉर्च मारून चुकीचे सांगितले, एवढ्यावर तक्रार टिकणे कठीण. पुढे दवाखान्यात पैसे भरून जे झाले त्याबद्दल दाद मागता येते, आणि तेव्हा पावती, दातागणिक खर्चाचा लेखी अंदाज आणि आधीचा व नंतरचा एक्स-रे हातात असावा लागतो. दंतवैद्याच्या वर्तनाची तक्रार राज्य दंत परिषदेकडे निराळी करता येते.

प्रेषक: नाना, रामबाग

वहिनींनी एक्स-रेचे लिहिले ते योग्यच आहे. आमच्याकडे एका ठिकाणी तो मागितला तर "सिस्टीममध्ये आहे" असे सांगून मुलीने पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले. आता मी आधीच सांगतो की आरव्हीजीचे (संगणकावर दिसणाऱ्या डिजिटल एक्स-रेचे) चित्र मोबाइलवर पाठवा, मगच खुर्चीवर बसतो. पडद्याचा फोटो काढू दिला तरी भागते.

कॅपचेही तेच. झिरकोनियाची (पांढऱ्या, मजबूत सिरॅमिकची) म्हणून पैसे घेतले तर प्रयोगशाळेचे क्रमांक असलेले कार्ड त्याच दिवशी मागून घ्यावे. त्यावर पंधरा वर्षे लिहिलेले असले तरी ती हमी कॅपची असते, आतल्या दाताची नसते. हे मला कार्ड देताना कोणी सांगितले नव्हते. कॅपच्या कडेला कीड लागली तर कार्ड घेऊन कोणाच्या दारात उभे राहणार?

प्रेषक: वकीलवहिनी, सुदामानगर

नानांच्या माहितीसाठी: ७२ तासांत कागदपत्रे देण्याचा जो नियम सर्वत्र फिरतो तो २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांतला आहे, दंतवैद्यांची आचारसंहिता २०१४ ची, स्वतंत्र आहे. भांडताना चुकीचा नियम दाखवू नये, समोरचा लगेच पकडतो. नोंदींची मागणी मात्र नेहमी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

प्रेषक: कार्यवाह

सर्वांचे आभार. वास्तू समितीच्या निमंत्रकांशी आज बोललो. हॉल द्यावा, परंतु पुढील अटी लेखी मान्य झाल्यावरच, असे ठरले. शिबिरात कोणालाही उपचाराचा बेत किंवा खर्च सांगितला जाणार नाही. दिसले ते लिहून दिले जाईल आणि एक्स-रे नसताना कोणत्याही दातापुढे "रूट कॅनाल" असे लिहिले जाणार नाही. कुपन, त्याच दिवशीचे आरक्षण आणि सभासदांचे दूरध्वनी क्रमांक घेणे बंद राहील. तोंडाच्या आतल्या तपासणीचा रकाना दादांनी लिहून दिला आहे, तो कागदावर छापला जाईल. मंडळाचा फलक व्यासपीठावर राहील, खुर्चीमागे नाही.

दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी दूरध्वनी क्रमांकांची अट सोडून बाकी सर्व मान्य केले आहे. क्रमांकाशिवाय "फॉलो-अप" करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

स्मरणिकेच्या पानाचे मी पाहून घेतो. क्रमांकांची अट सोडू नये. गेल्या वर्षी माझ्या घरी दिवाळीपर्यंत फोन येत होते, हे मी आजवर लिहिले नव्हते.

प्रेषक: माई, राजेंद्रनगर

नोंदणीच्या टेबलावर मी बसते. कागद आदल्या दिवशी माझ्याकडे आणून द्यावेत. क्रमांकाचा रकाना छापलेला असला तर तो मी स्वतः स्केचपेनाने खोडीन, त्यासाठी वास्तू समितीची परवानगी लागत असल्यास कळवावे.