टाइप क्लासमधील ‘डिक्शनरी’ला ‘कोश’ म्हणावे का?

प्रश्न : पुण्यातील आमच्या अभ्यासगटात ‘करी’ या फंक्शनल-लॉजिक (फंक्शनल आणि तर्काधारित प्रोग्रामिंग एकत्र आणणाऱ्या) भाषेच्या कम्पायलरवरील टिपणे मराठीत लिहिणे चालू आहे. टाइप क्लासच्या (म्हणजे ठरावीक क्रिया पुरवणाऱ्या टाइपांच्या, डेटाच्या प्रकारांच्या, गटाच्या) संदर्भात येणाऱ्या ‘डिक्शनरी’साठी ‘कोश’ हा शब्द योजावा काय?

उत्तर : योजू नये, असे माझे मत आहे. संगणकशास्त्रज्ञ वॅडलर आणि ब्लॉट यांनी १९८९ मध्ये टाइप क्लासची मांडणी केली, तेव्हापासूनची रूढ रीत अशी की, ‘या प्रकाराच्या मूल्यांची तुलना करता आली पाहिजे’ यासारखी अट कम्पायलरच्या हाती फंक्शनचे एक जादा आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायचे मूल्य) बनते आणि त्या आर्ग्युमेंटमध्ये त्या प्रकाराच्या मेथड (क्लासने नेमलेल्या क्रिया) एकत्र बांधलेल्या असतात. हा गठ्ठा म्हणजे डिक्शनरी. हॅस्केल या फंक्शनल भाषेपुरते त्याला कोश म्हटल्याने काही बिघडत नाही. करीमध्ये मात्र एकाच पदावलीची (एक्स्प्रेशनची) अनेक उत्तरे निघू शकतात, आणि ‘एका नोंदीचा एक ठरलेला अर्थ’ ही कोशाची छटा तिथे वाचकाला चकवते.

समजा, ‘कोणतेही’ ही एकही आर्ग्युमेंट न घेणारी मेथड आहे आणि बूलियन या खरे-खोटे प्रकारासाठी तिची व्याख्या ‘खरे किंवा खोटे’ अशी आहे. प्रकार न ठरवता लिहिलेल्या एखाद्या फंक्शनने (कोणतेही, कोणतेही) ही जोडी परत केली, तर बूलियनसाठी चार उत्तरे अपेक्षित असतात. परंतु करीत आर्ग्युमेंटमधील निवड, ते कितीही ठिकाणी वापरले तरी, एकदाच होते. त्यामुळे डिक्शनरीबरोबर आलेली निवड दोन्ही जागी सामायिक होते आणि (खरे, खरे) व (खोटे, खोटे) एवढीच दोन उत्तरे हाती लागतात. अशा मेथडला एक नाममात्र आर्ग्युमेंट जोडले, की गठ्ठ्यात तयार पदार्थाऐवजी पाककृती राहते आणि प्रत्येक वापराला निवड नव्याने होते. म्हणून मी ‘कृतिसंच’ सुचवतो.

प्रतिप्रश्न : आणि टाइप क्लासला नुसते ‘वर्ग’?

उत्तर : नको. अभियांत्रिकीच्या मुलांच्या डोक्यात जावाचा क्लास आधीच पक्का बसलेला असतो. ‘प्रकारवर्ग’ चालेल. एन्रिके मार्टिन-मार्टिन या संशोधकाने २०११ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत तर डिक्शनरीच नसते. फंक्शनला प्रकाराची खूण पटवणारे मूल्य दिले जाते आणि ते पाहून फंक्शन आपला नियम निवडते. त्या प्रकरणात ‘कृतिसंच’ लागू पडणार नाही. तिथे ‘प्रकारसाक्षी’ लिहावे.