मालवी गहू कुणी घालवला : जीएमने की आपणच?

रामबागवाला
परवा इंदूरच्या छावणी बाजारात वर्षाचा गहू भरायला गेलो. मालवी मागितला, तर दुकानदाराने लोकवन पुढे केला. म्हणे, मालवी आता विचारतंय कोण? आजीच्या बाफल्यांचा (उकडून भाजलेल्या बाट्यांचा) तो रवाळपणा कुठून आणायचा? आणि आता जीएम, म्हणजे जनुक बदललेली, मोहरी दारात उभी. तिच्या डीएमएच-११ या वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जुलै २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांची मतं फुटली. माझं म्हणणं सरळ आहे, जीएमवर सरसकट बंदी घाला. नाहीतर उरलेली देशी वाणंही अशीच जातील.

काळीमाती
काका, राग बरोबर, पत्ता चुकला. भारतात शेतकऱ्याच्या शेतात जीएम गहू नाहीच. लोकवन म्हणजे लोक-१, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत, म्हणजे गांधीवाद्यांच्या संस्थेत, साध्या निवडीने आणि संकराने तयार झालेला. मालवी उंच वाढतो, काळ्या जमिनीतल्या ओलीवर पिकतो. त्याला पाणी आणि युरिया दिला की आडवा होतो. विहिरी-मोटारी आल्या आणि त्याचा खेळ संपला. यात जनुकाचा काय संबंध?

निमाडची_सून
काळीमाती, गव्हाचं पटलं. कपाशीचं काय? बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं जीएम बियाणं, २००२ मध्ये आलं. माझं सासर खरगोनकडे. पहिली काही वर्षं फवारण्या कमी झाल्या, सासरे खूश होते, हे मान्य करते. पुढे गुलाबी बोंडअळीला ते पचायला लागलं आणि फवारणी परत आली. आपल्याकडे बीटी संकरित बियाण्यात घातलं, त्यामुळे घरचं बी ठेवून भागत नाही, दरवर्षी पाकीट घ्यावंच लागतं. सासूबाईंच्या गाडग्यातली देशी सरकी त्या पाकिटांपुढे टिकली नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने बी राखायचा हक्क दिलाय हो, पण राखण्यासारखं बी हातात नको?

काळीमाती
म्हणजे तक्रार संकरित बियाण्याची झाली, ताई. सरळ वाणात, म्हणजे ज्याचं बी घरी राखता येतं त्यात, बीटी दिलं असतं तर?

निमाडची_सून
मग विकणाऱ्याला काय मिळालं असतं? म्हणूनच दिलं नाही ना!

रामबागवाला
लोकवनची चूक माझी, कबूल. पण मोहरीवर मधमाश्या बसतात, पराग शेजारच्या शेतात जातो. गहू स्वतःच्याच परागाने फळतो, तो सांभाळता येतो. मोहरी कशी सांभाळणार? बीटी वांगं फेब्रुवारी २०१० मध्ये याही भीतीने थांबवलं, कारण वांग्याचं माहेरच आपल्याकडे.

काळीमाती
थांबवलं, आणि बांगलादेशाने २०१४ पासून लावलं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत हजारो वाणं जपलीत, ती काही जळत नाहीत.

निमाडची_सून
पेढीतलं बी म्हणजे बँकेतल्या लॉकरमधला दागिना. अंगावर घातला तरच दिसतो. तांबेऱ्याचा रोग दर काही वर्षांनी रूप बदलतो, शीतपेटीतलं बी मात्र होतं तसंच राहतं. दरवर्षी शेतात पेरलेलं वाणच त्याच्याशी झुंजत राहतं.

देपालपूरकर
भांडण बास. माझा भाऊ दोन बिघे मालवी पेरतो, कोरडवाहू. पीक निम्मंच येतं, म्हणून भाव लोकवनच्या दुप्पट. रामबागवाले काका, वर्षाचा भरता का?

रामबागवाला
दुप्पट? … पाच किलो द्या. बाफल्यापुरता.