मदत हवी आहे : गोमांस टाळणाऱ्यांना ग्यूदोनच्या (गोमांस घातलेल्या जपानी भाताच्या) दुकानात काय खाता येईल?

पुढील महिन्यात आईवडील टोकियोला येत आहेत. ते कोंबडी व मासे खातात, गोमांस मात्र कटाक्षाने टाळतात. घराजवळ योशिनोया (स्थापना १८९९) आणि सुकिया या उपाहारगृहांच्या साखळ्यांच्या शाखा आहेत. या साखळ्यांची ओळखच गोमांसाच्या पातळ कापांसह वाढलेला भात ही असली, तरी तिथे इतर पदार्थही मिळतात, आणि स्वस्त, गरम जेवण उशिरापर्यंत मिळणे वयस्कर माणसांसाठी मोलाचे आहे. मला जपानी वाचता येते. अ‍ॅलर्जीच्या तक्त्यांतून घटक समजतात, परंतु स्वयंपाकघरातील पद्धत कळत नाही, आणि गर्दीत कर्मचाऱ्यांना सविस्तर विचारणे अवघड जाते. तिथे काम केलेल्या कोणी कृपया सांगावे : कोंबडीच्या किंवा माशाच्या भातासाठी डाव, भांडी व तेल गोमांसापासून वेगळे ठेवतात का?