शब्दचर्चा: परदेशातून परत आल्यावर ‘फावतं’ की ‘रुळतं’?

दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. एका वाक्यावर अडलेय. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी परदेशात बरीच वर्षं राहून बडोद्याला कायमचे परत आलेल्यांच्या मुलाखती घेतोय. लोक मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं मिसळून बोलतात. मी रेकॉर्डिंग ऐकून ते मराठीत उतरवते. टोरंटोहून परतलेल्या एक बाई सांगत होत्या, की खोकी अजून फोडलीसुद्धा नव्हती आणि शेजारच्या बा रोज संध्याकाळी ओटल्यावर बसून एकच विचारायच्या, "दीकरा, हवे फावी गयुं?" मी लिहिलं, "बाळा, आता फावलं का गं?" आमच्या घरात असंच बोलतात. माझी आजी ‘मला मुंबईत फावत नाही’ म्हणायची, आणि तिला गुजराती जेमतेम यायचं.

अंकाचं मुद्रितशोधन पुण्याला होतं. तिथून शेरा आला: "फावणे म्हणजे संधी साधणे, तीही बहुधा वाईट कामाची. चोराचे फावते. येथे ‘रुळलीस का’ करावे." केलं तसं. पण आता ते बांचं बोलणं वाटतच नाही. शिवाय ‘रीअ‍ॅडजस्टमेंट’ हा शब्द मुलाखतींत सारखा येतो, त्याला धड मराठी काय? ‘जुळवून घेणे’ म्हटलं की सासरी निघालेल्या मुलीला केलेला उपदेश वाटतो.

मुक्काम पुणे
मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. आज मराठी वाचणाऱ्याला ‘फावलं’ म्हटलं की कोणाचं तरी आयतं साधलं, एवढंच डोळ्यापुढे येतं. रुळणे, रमणे, सरावणे, स्थिरावणे, अंगवळणी पडणे, बस्तान बसणे, जम बसणे, मानवणे: इतकी श्रीमंती घरात असताना शेजाऱ्याकडून उसनं कशाला आणायचं? ‘मला फावत नाही’ ही रचनाच गुजराती आहे. बडोद्याची मराठी गोड आहे, पण अंक छापताना प्रमाण भाषा पाळावी.

जुनी बडोदेकरीण
उसनं? आम्ही इथे सात पिढ्या आहोत, उसनं कधीच अंगाला लागलं. आमच्याकडे काम ‘पततं’ म्हणजे संपतं, भाजीला ‘शाक’ म्हणतात आणि झोपाळ्याला ‘हिंचका’. माझ्या सासूबाई कोल्हापूरच्या पाहुण्यांना म्हणाल्या, "चला, जमायला बसा." म्हणजे जेवायला. पाहुणे सतरंजीवर गोल करून बसले, त्यांना वाटलं सभा आहे. पण महिनाभर राहून जाताना तेच पाहुणे ‘जमून निघतो’ म्हणत होते. शब्द असाच लागतो.

आणि ‘मानवणे’ तुम्ही यादीत घातलंत, ते हवापाण्याला चांगलं. परत आलेल्या माणसाचं दुखणं हवापाण्याचं नसतं.

फत्तेगंज
मी स्वतः मेलबर्नहून परत आलोय म्हणून लिहितो. ‘रुळलास का’ असं मला विचारलं की मला उत्तर देता येत नाही, कारण मी सगळं करत होतो. स्कूटर चालवत होतो, हॉर्न वाजवत होतो, बँकेत जाऊन एनआरई म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं निवासी करून घेतलं होतं. तिथल्या बाईंनी फॉर्मवरून नजर वर केली आणि विचारलं, "कायमचे? का?" पुढचे कित्येक महिने प्रत्येक जण तेच विचारत होता. लग्नात, गॅसच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. "तिकडे काही झालं का?" आपल्या माणसांत आपण आलो याला काही कारण लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. ‘परत आलेला’ हा शब्दच असा आहे, की दुकानदाराकडे परत आलेल्या मालासारखी लोक आधी खोट शोधतात.

एकदा रात्री लाइट गेली. खालचे काका न विचारता इन्व्हर्टरची वायर वर सोडून गेले. दुसऱ्या दिवशी मी थँक्यू म्हणायला गेलो तर ते रागावले, म्हणाले शेजाऱ्याला थँक्यू म्हणतात काय रे. त्या रागाने मला बरं वाटलं. त्या आठवड्यात बहिणीने फोनवर विचारलं तेव्हा तोंडातून आपोआप आलं, "फावलंय." मी रुळलो नव्हतो, मला फावलं होतं. फरक आहे.

रावपुरा
‘रुळणे’ इंग्रजांबरोबर आलेला शब्द आहे. गाडी रुळावर येते, त्यावरून माणूस रुळतो. तेव्हा पुणेकरांनी शुद्धतेची भाषा करू नये. आपल्या गायकवाडांची डभोई-मियागाम नॅरोगेज १८६२ साली सुरू झाली, तेव्हा तर रुळांवरून डबे बैल ओढायचे. त्या बैलांनाही नवीन रस्त्यावर रुळावंच लागलं असणार.

व्युत्पत्तिवेडा
काका, बैलांचं खरं, पण शब्दाचं नाही. आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ साली मुंबई-ठाणे धावली. त्याआधी दोन शतकं तुकोबांच्या ‘राजस सुकुमार’मध्ये विठ्ठलाच्या कंठी वैजयंती माळ रुळते आहे. रुळणे म्हणजे आधी नुसतं लोंबणं, अंगावर सैलसर हलत राहणं. केस खांद्यावर रुळतात तसं. तिथून वापरात राहणं, मग सवयीचं होणं. लोखंडी रुळाशी त्याचं नातं नाही.

‘फावणे’ मात्र माझा जुना आवडता शब्द आहे. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीतसुद्धा, तो मिळणे, लाभणे, हाती येणे या अर्थाने येतो. चोर नंतर आले. आजही ‘फावला वेळ’ म्हणतो तेव्हा त्यात काय वाईट आहे? लाभलेला वेळ. म्हणजे चांगला अर्थ आपल्याकडेच होता, आपण तो आकसत नेला आणि गुजरातीने वाढवला. माझं मत असं, की ‘पावणे’ आणि ‘फावणे’ ही सख्खी भावंडं आहेत, दोन्ही संस्कृत ‘प्राप्’ची. देव पावतो, वेळ फावतो.

मुक्काम पुणे
‘प’चा ‘फ’ असा वाटेल तसा होत नाही. ‘पावणे’ जिवंत असताना त्याच धातूचा दुसरा अवतार कशासाठी?

व्युत्पत्तिवेडा
पनसचा फणस झाला, परशूची फरशी झाली, पाशाचा फास झाला. तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती? आणि ‘मला फावतं’ची रचना गुजराती म्हणता, पण ‘चोराला फावलं’ पुण्यातही म्हणतात. ती चतुर्थीच आहे. चोराला चालते, मग बांना का नाही?

कमाटीबाग
फत्तेगंज यांनी जो फरक सांगितला तो सोडून आपण फणसाकडे गेलो. मला तिथेच थांबायचं आहे.

‘मी रुळलो’ यात कर्ता मी. नाही रुळलो तर दोष माझा. ‘मला फावलं’ यात मी कर्ता नाही. काहीतरी मला लाभायचं असतं. माणूस परत येतो, पण त्याला घेणारं गाव असतं आणि ते गाव काय करतं हेही त्या क्रियापदात येतं.

परदेशातून परत येणं हा विषय बडोद्यात काढला की एक नाव आलंच पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन. करार होता, की शिकून आल्यावर संस्थानची नोकरी करायची. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन जमाव आला आणि बाहेर पडा म्हणाला. ओळखीच्यांकडे विचारलं, तिथेही नाही. मग मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते कमाटीबागेत बसून होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. आज तिथे त्यांच्या स्मरणार्थ संकल्पभूमी आहे.

त्यांना कोणी ‘रुळलात का’ विचारलं असतं तर तो प्रश्नच अन्यायाचा झाला असता. म्हणून सांगतो, दांडियाबाजारताई, बांचं वाक्य बदलू नका. त्या म्हातारीने प्रश्न असा विचारलाय, की त्यात ती स्वतःही जबाबदार आहे.

जुनी बडोदेकरीण
हे वाचून बराच वेळ दुसरं काही करता आलं नाही. आम्ही त्या बागेत नातवंडांना रोज नेतो.

मुक्काम पुणे
कमाटीबाग यांचं म्हणणं मनापासून पटलं. शब्दामागचा विचार मोठा आहे. पण त्याने माझी अडचण सुटत नाही. साताऱ्यातला वाचक ‘फावलं का’ वाचून हा सगळा विचार करणार नाही, तो चोराचाच विचार करील. आणि सयाजीरावांचं नाव निघालंच आहे, तर त्यांनीच १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ करवून घेतला ना? एकेका इंग्रजी शब्दाला अनेक भाषांतले प्रतिशब्द समोरासमोर. महाराजांना उसनवारी चालली असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता? ‘रीअ‍ॅडजस्टमेंट’लाही नीट घडवलेला शब्द हवा. मी ‘पुनःस्थिरीकरण’ सुचवतो.

दांडियाबाजार
‘पुनःस्थिरीकरण’ ऐकून मला सिमेंट आठवलं हो. बाई रडत बोलत होत्या, त्यांच्या तोंडी हे कसं घालू?

रावपुरा
कल्पतरू कचेरीसाठी होता. हुकूम, दाखले, निवाडे. वडिलांच्या कपाटात तो होता आणि तो उघडून आमच्या घरात कोणी भांडलं नाही की रडलं नाही. शिवाय ही देवघेव एकाच बाजूने झालेली नाही. गुजराती वर्तमानपत्रात रोज ‘चळवळ’ आणि ‘निमणूक’ छापून येतात. ते आपलेच की.

वाघोडिया रोड
मानसशास्त्र शिकवते, म्हणून दोन ओळी. याला ‘रिव्हर्स कल्चर शॉक’ म्हणतात. लिसगार्ड यांनी १९५५ साली परदेशी गेलेल्यांच्या मनाचा आलेख ‘यू’ अक्षरासारखा मांडला: आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं. गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ साली दाखवलं, की घरी परतल्यावर तीच घसरण पुन्हा होते, म्हणजे ‘यू’चा ‘डब्ल्यू’ होतो. परत आलेल्याला ती जास्त लागते, कारण परक्या देशात अडचण येणार हे त्याने धरलेलं असतं, घरी येणार हे धरलेलं नसतं. मी वर्गात ‘पुनर्वसन’ वापरते.

कमाटीबाग
बाई, एवढं करू नका. डभोई-वाघोडियाच्या बाजूला नर्मदेच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत. गाव पाण्याखाली गेलं त्यांचं ते पुनर्वसन. विमानाने स्वखुशीने आलेल्याला तो शब्द देऊ नये.

वाघोडिया रोड
हे मान्य. पण मग कोणता? ‘घरवापसी’ राजकारणाने घेतला. ‘स्वदेशागमन’ म्हणजे नुसतं येणं, येऊन नांदणं त्यात नाही.

फत्तेगंज
‘नांदणं’! हाच घ्या की. ‘परत नांदणं’.

जुनी बडोदेकरीण
नाही हो, नांदायला मुलगी परत गेली की शेजारपाजारचे कान टवकारतात. तो शब्द आमच्या पिढीत फार दुखरा आहे. गुजरातीतला ‘गोठवुं’ बघा. ‘मने त्यां गोठतुं नथी’ म्हणजे तिथे जीव लागत नाही. आमची भाची एडमंटनहून फोनवर म्हणाली, "मला इथे गोठत नाही." नागपूरच्या मावशीला वाटलं, पोरगी थंडीची बढाई मारतेय. ‘फावतं’ हे राहण्यावागण्याचं, ‘गोठतं’ हे जिवाचं. मराठीत असे दोन वेगळे शब्द कोणी दाखवावेत.

मुक्काम पुणे
‘रमणे’ जिवाचं आणि ‘रुळणे’ वागण्याचं. झाले दोन.

व्युत्पत्तिवेडा
रमणे सहलीलाही चालतं, बालवाडीलाही. त्यात मुक्काम नाही.

दांडियाबाजार
अंक छपाईला जायचाय मंडळी. सध्या ‘फावलं का’ परत घातलंय आणि मुद्रितशोधकांना कमाटीबागदादांची टिप्पणी जशीच्या तशी पाठवलीय. त्यांचं उत्तर यायचंय. आणखी एक मात्र विचारते. त्याच बाई म्हणाल्या, की टोरंटोत सगळं मिळायचं, सेवउसळीवरची ‘तरी’ तेवढी कुठे मिळाली नाही. तिथेही शेरा आला आहे: "‘कट’ किंवा ‘रस्सा’ करावे." ते करू का?

रावपुरा
मुळीच करू नका. रस्सा खाली असतो, तरी वर असते. तेलाचा लाल थर वर तरतो म्हणून तरी.

व्युत्पत्तिवेडा
काका, तरण्याशी संबंध नाही. फारसीत ‘तर’ म्हणजे ओला, ‘तर-बतर’मधला. त्यावरून ती आली असावी.

जुनी बडोदेकरीण
आणि ती मराठीच आहे हो, नागपूरला ‘तर्री’ म्हणतात. उसळ आम्ही इकडे आणली, सेव त्यांनी घातली.

मुक्काम पुणे
तर्री आणि तरी एक नव्हे. तर्रीला वेगळा मसाला लागतो. उद्या सविस्तर लिहितो.